दरवाजे राखणारा प्रोग्रॅम

चिखलदऱ्याच्या बाजारातून गाविलगड दोन-तीन किलोमीटरवर आहे. पर्यटकांची गर्दी देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड या बाजूंना वळते. किल्ल्याकडे फिरकणारे कमी. पण ज्याला स्वतःच्या हातानं ऑपरेटिंग सिस्टीम लिहून बघायची हौस आहे, त्यानं आधी या किल्ल्यावर एक सकाळ घालवावी. या प्रकरणात आपण जो प्रोग्रॅम बांधणार आहोत, त्याचं मर्म इथल्या तटबंदीत आणि इथल्या एका पराभवात सापडतं.

फरिश्ता या इतिहासकाराच्या नोंदीनुसार अहमदशाह बहमनीनं १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला. पुढे अचलपूरच्या इमादशाहीनं तो भक्कम केला. रचना थराथरांची आहे. दक्षिणेला, जिथे कडा सरळ तुटलेला आहे, तिथे आतला किल्ला. उत्तर आणि वायव्य बाजूंनी त्याला झाकणारा बाहेरचा किल्ला. उत्तरेकडून चाल करून येणाऱ्याला अडवायला त्याच्याही पुढे तिसरी भिंत. प्रत्येक थराला मोजकेच दरवाजे. आत काही हवं असेल तर दरवाज्याशी थांबायचं, कोण आणि कशासाठी आलो ते सांगायचं. पुढचं आतला पहारा ठरवणार.

डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी गाविलगडाला वेढा घातला. नोव्हेंबरअखेर अडगावची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली इथे पोचला होता. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग आत होता. इंग्रजांच्या तोफा डोंगरातून ओढत उत्तरेला आणल्या गेल्या आणि १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारांतून सैन्य आत शिरलं. आतला किल्ला मात्र शाबूत होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं भिंतीला शिड्या लावल्या, काही शिपाई वर चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

आतला दरवाजा तोफेनं फुटला नाही. ज्या जागेतून कुणी येणार नाही असं धरलं होतं, तिथून माणूस आला आणि दरवाजा आतून उघडला गेला. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला प्रोग्रॅम, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्याची सगळी काळजी याच एका प्रसंगाभोवती फिरते.

कर्नल करतो तरी काय?

तुम्ही मोबाइलवर गाणं लावता, त्याच वेळी मेसेज येतो, मागे एखादी फाइल डाउनलोड होत असते. गाण्याचं ॲप स्पीकरला हात लावत नाही, मेसेजचं ॲप पडद्याला लावत नाही. ती सगळी बाहेरच्या किल्ल्यातली माणसं. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क हे सगळं आतल्या किल्ल्यात, आणि तिथे फक्त एका प्रोग्रॅमचा वावर असतो. तो कर्नल. कुणाला किती वेळ प्रोसेसर द्यायचा, कुणाला मेमरीचा कोणता तुकडा द्यायचा आणि कुणाची मागणी फेटाळायची, हे तो ठरवतो.

असा प्रोग्रॅम एकट्यानं लिहिता येतो का? येतो, आणि लिहिला गेला आहे. १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये केन थॉम्पसननं एका टाकून दिल्यासारख्या पडलेल्या पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. १९८७ मध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकानं विद्यार्थ्यांना आतून बघता यावी म्हणून मिनिक्स ही छोटी सिस्टीम पुस्तकासकट दिली. हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स मिनिक्स वापरत होता. त्यानं ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या कर्नलची घोषणा केली, तीही हा केवळ छंद आहे, फार मोठं काही होणार नाही असं बजावून. पहिल्या आवृत्तीत साधारण दहा हजार ओळी होत्या. आज अँड्रॉइडचा प्रत्येक फोन त्याच लिनक्स कर्नलवर चालतो.

त्याच १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्याचं नेतृत्व करणारे विजय भटकर मूळचे आपल्या वऱ्हाडातले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. परमच्या कर्नलची गोष्ट पुढे येईलच. आधी आपल्या कर्नलचा पाया घालू.

पहिले ५१२ बाइट

बटण दाबलं की इंटेल जातीचा प्रोसेसर जागा होतो तो १९७८ सालच्या ८०८६ या आपल्या पूर्वजासारखा. एका वेळी १६ बिट हाताळायचे, मेमरी फक्त १ एमबी बघायची आणि राखण कसलीच नाही. कुठलाही प्रोग्रॅम कुठेही लिहू शकतो. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताच चालणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये, पुढची पायरी ठरलेली असते. बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा उचलतो, मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर ठेवतो आणि त्याचे शेवटचे दोन बाइट तपासतो. ते ८५ आणि १७० असले, तर हा तुकडा सुरू करण्याजोगा आहे असं मानून प्रोसेसरला तिथे सोडून देतो. आत काय लिहिलंय याच्याशी बायोसला देणंघेणं नसतं.

हौशी कर्नलची पहिली परीक्षा इथेच. ५१२ बाइटांमध्ये, म्हणजे छोट्याशा परिच्छेदाएवढ्या जागेत, असा कोड बसवायचा की जो डिस्कवरून उरलेला कर्नल वाचून मेमरीत आणेल. एवढा उपद्व्याप नको असेल तर ग्रब नावाचा तयार बूटलोडर हे काम करून देतो. बहुतेक जण पहिल्यांदा स्वतः लिहून बघतात आणि मग ग्रबकडे वळतात.

पुढचं पाऊल म्हणजे प्रोसेसरला त्याच्या आजच्या वयात आणणं. १९८२ च्या ८०२८६ नं संरक्षित मोड आणला आणि १९८५ च्या ८०३८६ नं त्याला ३२ बिट आणि पानवार मेमरीची जोड दिली. पण जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून इंटेलनं जुनी वागणूक कधीच काढून टाकली नाही. त्यातून एक मजेदार भानगड उरली आहे. ८०८६ ला पत्त्याच्या वीसच तारा होत्या. त्यापलीकडचा पत्ता गोल फिरून पुन्हा शून्याशी यायचा. काही प्रोग्रॅम या गोल फिरण्यावरच विसंबून होते. १९८४ च्या आयबीएम एटी संगणकात एकविसावी तार आली तेव्हा ती मुद्दाम बंद ठेवायची सोय करावी लागली, आणि त्या सोयीची कळ बसवली कुठे, तर कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपमध्ये, कारण तिथे एक पिन मोकळी होती. म्हणून हौशी कर्नल लिहिणारा आजही १ एमबीच्या वरची मेमरी वापरण्याआधी ही तार सुरू आहे ना, हे तपासतो. आणि ती सुरू करायचा जुना मार्ग कीबोर्डाच्या चिपमधून जातो.

पडद्यावर पहिलं अक्षर

इथवर आल्यावर काहीतरी दिसावं असं वाटतं. पण सी भाषेतलं आपलं नेहमीचं प्रिंट-एफ इथे नाही. ते ऑपरेटिंग सिस्टीमला विनवणी करून छापतं, आणि इथे ऑपरेटिंग सिस्टीम तुम्हीच आहात. सुदैवानं जुन्या व्हीजीए टेक्स्ट मोडमध्ये पडदा म्हणजे मेमरीचाच एक तुकडा असतो. ७,५३,६६४ या पत्त्यापासून पुढे ८० रकाने गुणिले २५ ओळी, प्रत्येक अक्षराला दोन बाइट: एकात अक्षर, दुसऱ्यात रंग. एकूण ४,००० बाइट. तिथे ६५ हा आकडा लिहिला की डाव्या कोपऱ्यात इंग्रजी कॅपिटल ए उमटतो.

मराठी माणसाला लगेच सुचतं की इथे ‘नमस्कार’ छापू. आणि तो अडकतो. टेक्स्ट मोडमध्ये एका वेळी साधारण २५६ चिन्हंच मावतात आणि प्रत्येकाची चौकट सारख्या मापाची असते. देवनागरीत ‘कि’ मधली वेलांटी क नंतर टाइप होते पण क च्या आधी काढायची असते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, जोडाक्षरांची रूपं शेकड्यांनी. हा प्रश्न भारतात ऐंशीच्या दशकातच सोडवायला घेतला गेला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. मोहन तांबे यांचं त्यात मोठं काम होतं. त्यांनी उत्तर काढलं ते चक्क वेगळ्या कार्डाचं. संगणकात जिस्ट कार्ड बसवलं की डॉसवर चालणारे साधे अक्षरी प्रोग्रॅम कसलाही बदल न करता देवनागरी दाखवू लागायचे. अक्षरं जुळवण्याची सगळी कसरत कार्डावर चालायची, डॉसला त्याचा पत्ताही नसायचा.

तुमच्या कर्नललाही हाच धडा लागू आहे. अक्षरं जुळवणारा कोड मोठा आणि गुंतागुंतीचा असतो, आणि फॉन्टची फाइल बाहेरून, अनोळखी ठिकाणाहून येते. तिला आतल्या किल्ल्यात घेतलं तर काय होतं ते मायक्रोसॉफ्टनं पाहिलं आहे. १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये वेग वाढावा म्हणून चित्रं आणि फॉन्ट रेखाटण्याचं काम कर्नलमध्ये नेण्यात आलं. २०११ मध्ये उघडकीला आलेला ड्यूकू हा हेरगिरी करणारा व्हायरस वर्डच्या फाइलमध्ये दडवलेल्या एका फॉन्टच्या वाटेनं थेट कर्नलमध्ये शिरला. पुढे विंडोज १० मध्ये फॉन्ट वाचण्याचं काम पुन्हा बाहेर काढावं लागलं. म्हणून देवनागरीची हौस जरूर करा, पण कर्नल उभा राहिल्यावर, आणि बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये.

मेमरीची वाटणी

आता तट बांधायचा. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या चार पायऱ्या आहेत, शून्य ते तीन. बहुतेक सिस्टीम दोनच वापरतात: शून्य कर्नलला, तीन बाकी सगळ्यांना. तिसऱ्या पायरीवरचा प्रोग्रॅम डिस्कशी थेट बोलायला गेला, तर प्रोसेसर ते काम करत नाही. उलट कर्नलला बोलावून हा काय करतोय ते दाखवतो.

पण मेमरी तर सगळ्यांनाच लागते. ती वाटण्यासाठी तिची ४,०९६ बाइटांची पानं पाडतात. १ जीबी मेमरी म्हणजे २,६२,१४४ पानं. कोणतं पान मोकळं, कोणतं दिलेलं याची नोंद एका पानाला एक बिट याप्रमाणे ठेवली, तर सगळा हिशेब ३२ केबीत मावतो. हौशी कर्नलची पहिली खरी वहीखाती हीच.

त्याच्यावर पान-तक्ते येतात. प्रत्येक प्रोग्रॅमला आपली मेमरी सलग आणि स्वतःचीच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो ज्याला १०० वं पान म्हणतो ते चिपमध्ये ७,००० व्या जागी असेल, आणि शेजारच्या प्रोग्रॅमचं १०० वं पान आणखी कुठे. हा अनुवाद प्रत्येक वाचनाला, प्रत्येक लेखनाला प्रोसेसर स्वतः करतो. कर्नल फक्त तक्ते भरून ठेवतो. तक्त्याच्या प्रत्येक नोंदीत काही बिट पहाऱ्याचे असतात. पान हजर आहे का, त्यावर लिहिता येईल का, आणि तिसऱ्या पायरीवरच्याला ते दिसेल का. शेवटचा बिट चुकून १ राहिला, तर कर्नलच्या खोलीचं दार सताड उघडं.

हौशी माणसाची झोप उडवणारी चूकही इथलीच. तक्ता चुकला की प्रोसेसर चौदा क्रमांकाचा अपवाद, म्हणजे बिघाडाचा इशारा, उभा करतो. तो हाताळणारा कोड सापडला नाही, तर आठ क्रमांकाचा, म्हणजे दुहेरी चुकीचा. तोही हाताळता आला नाही, तर प्रोसेसर हात टेकतो आणि यंत्र पुन्हा सुरू होतं. पडदा चमकतो, बायोस येतो, कर्नल चढतो, पडतो, पुन्हा बायोस. चुकीचा एक शब्दही कुठे छापून येत नाही, कारण छापणारा कोडच मेलेला असतो.

यावर इलाज म्हणजे खऱ्या यंत्रावर काम न करणं. फ्रान्सच्या फॅब्रिस बेलार्डनं २००३ मध्ये क्यूईएमयू हा प्रोग्रॅम आणला. तो संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करतो. कर्नल कोसळला तर रीबूट न करता थांब, प्रत्येक अपवादाची नोंद फाइलमध्ये ठेव, मेमरीत काय आहे ते दाखव, असं त्याला सांगता येतं.

मधेच टोकणारे

कीबोर्डवर ए दाबलं की कर्नलला अक्षर मिळत नाही; ३० हा आकडा मिळतो. कळ सोडली की १५८. शिफ्ट दाबलेलं होतं का, कॅप्स लॉक चालू होतं का, हे कर्नलनं लक्षात ठेवायचं आणि मग अक्षर ठरवायचं. हे आकडे येतात ते इंटरप्टच्या वाटेनं. इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातलं काम जिथे असेल तिथे सोडून कर्नलनं नेमून दिलेल्या कोडकडे जातो. असे २५६ मार्ग एका तक्त्यात लिहायचे असतात. पहिले ३२ प्रोसेसरनं आपल्या स्वतःच्या अपवादांसाठी राखलेले. पीसी घडवताना आयबीएमनं मात्र हार्डवेअरचे इंटरप्ट ८ ते १५ वर बसवले, म्हणजे नेमके राखीव जागेत. त्यामुळे टायमरची साधी टिकटिक आणि दुहेरी चूक एकाच दारात येतात. ते इंटरप्ट ३२ च्या पुढे हलवणं हे प्रत्येक हौशी कर्नलचं ठरलेलं काम.

त्या टायमरवर पुढचं सगळं उभं आहे. पीसीमधला जुना टायमर सेकंदाला ११,९३,१८२ ठोके घेतो. त्याला ११,९३२ नं भागलं की सेकंदाला जवळपास १०० इंटरप्ट मिळतात. प्रत्येक इंटरप्टला कर्नल चालू प्रोग्रॅमचे रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले आकडे ठेवायचे कप्पे, जपून ठेवतो, दुसऱ्याचे काढून प्रोसेसरमध्ये भरतो आणि त्याला सोडतो. दहा मिलिसेकंद याचे, दहा त्याचे. बघणाऱ्याला वाटतं सगळं एकदम चाललंय.

हे नसताना काय व्हायचं ते ज्यांनी विंडोज ३.१ वापरलं त्यांना आठवेल. तिथे प्रोग्रॅमनं आपण होऊन प्रोसेसर सोडायचा असा शिरस्ता होता. एखादा अडून बसला की सगळं ठप्प, आणि अमरावतीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ‘मायावाला पीसी हँग झाला बे’ अशी आरोळी. टायमरचा इंटरप्ट ही विनंती नसते; प्रोग्रॅमला न विचारता सत्ता कर्नलकडे परत येते. त्याच्याशिवाय राखण शक्य नाही.

पण आता कर्नललाच एक नवा धोका. मोकळ्या पानांच्या यादीतून तो एक पान काढतोय, काम अर्धवट आहे, आणि इंटरप्ट आला. इंटरप्टच्या कोडलाही पान हवं. त्यानं अर्धवट यादी पाहिली आणि तेच पान उचललं. दोघांना एकच पान. ही चूक हजारदा चालवून एकदाच दिसते, आणि दिसते तेव्हा भलत्याच ठिकाणी. म्हणून असं नाजूक काम करताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवायचे. प्रोसेसर एकाहून जास्त असतील तर कुलूपही लावायचं.

दरवाजा, आणि शिडी

बाहेरच्या प्रोग्रॅमला फाइल वाचायची असेल तर? त्याला आत यायची परवानगी नाही, पण मागणी करता येते. तो ठरलेल्या रजिस्टरमध्ये मागणीचा क्रमांक आणि बाकी तपशील ठेवतो आणि एक खास सूचना चालवतो. ३२ बिटांच्या लिनक्सवर ती १२८ क्रमांकाचा इंटरप्ट असायची. प्रोसेसर पायरी तीनवरून शून्यावर येतो, पण कर्नलनं ठरवलेल्या एकाच जागी. आत आल्यावर कुठे जायचं हे पाहुणा ठरवत नाही.

नवशिक्यांचा कर्नल फुटतो तो बहुधा इथे, आणि तोही साध्या भोळेपणानं. प्रोग्रॅम म्हणतो, ‘या फाइलमधलं वाचलेलं अमुक पत्त्यावर ठेवा.’ कर्नल ठेवतो. पण तो पत्ता प्रोग्रॅमच्या मेमरीतला नसून कर्नलच्याच पान-तक्त्याचा असला तर? कर्नलकडे सगळे अधिकार आहेत; तो स्वतःच्या हातानं स्वतःचा तक्ता पुसून मोकळा होतो. कॅम्पबेलच्या माणसांसारखंच, दरवाजा आतून उघडला जातो. म्हणून बाहेरून आलेला प्रत्येक पत्ता, प्रत्येक लांबी, प्रत्येक क्रमांक तपासल्याशिवाय वापरायचा नाही.

आणि तपासूनही शिडी लागू शकते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा दोष जाहीर झाला. वेग वाढावा म्हणून प्रोसेसर पुढच्या सूचना अंदाजानं आधीच चालवून ठेवतो आणि अंदाज चुकला तर निकाल फेकून देतो. त्या अंदाजाच्या धावपळीत इंटेलचे अनेक प्रोसेसर कर्नलच्या पानावरचा पहारा वेळेत पाळत नव्हते. निकाल फेकला गेला तरी कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत, त्याचा माग राहायचा, आणि वेळ मोजून तो माग वाचता यायचा. कर्नलच्या कोडमध्ये एकही चूक नसताना त्याची गुपितं बाहेर. उपाय म्हणून लिनक्स आणि विंडोज दोन्हींनी बाहेरचा प्रोग्रॅम चालू असताना कर्नलची जवळपास सगळी पानं त्याच्या तक्त्यातूनच काढून टाकली. दिसणारच नाही ते वाचणार कसं?

लाइट गेली तर?

मेळघाटात पावसाळ्यात लाइट जाणं ही बातमी नसते. कर्नलच्या दृष्टीनं मात्र तो कसोटीचा क्षण. एक नवी फाइल तयार करायची तर डिस्कवर निदान तीन ठिकाणी लिहावं लागतं: मोकळ्या जागेच्या नकाशात, फाइलच्या माहितीच्या नोंदीत आणि फोल्डरच्या यादीत. दोन लिहून झाली आणि वीज गेली, तर यादीत नाव आहे पण फाइल नाही, किंवा एकच जागा दोन फाइलींना दिलेली.

यावरची युक्ती सोपी आणि भारी आहे. खऱ्या जागी लिहिण्याआधी काय काय बदलणार ते सगळं डिस्कच्या एका राखीव कोपऱ्यात लिहायचं. ते पूर्ण उतरलं की शेवटी ‘पक्कं’ अशी एक खूण. मगच खऱ्या जागी हात घालायचा. वीज परत आल्यावर कर्नल तो कोपरा बघतो. खूण असेल तर सगळं पुन्हा लिहून काम पुरं करतो. नसेल तर झालंच नव्हतं असं समजतो. अर्धवट काही उरत नाही. लिनक्सच्या अनेक फाइलसिस्टीममध्ये हीच पद्धत आहे. एमआयटीनं २००६ मध्ये शिकवण्यासाठी एक्सव्ही६ हा चिमुकला कर्नल तयार केला. दहा हजारांहून कमी ओळींच्या त्या कर्नलमध्येही ती काही पानांत वाचून समजते.

किती आत ठेवायचं?

जानेवारी १९९२ मध्ये टॅनेनबॉम आणि टोरवाल्ड्स यांच्यात जाहीर वाद झाला. टॅनेनबॉमचं म्हणणं होतं की कर्नल छोटाच हवा: मेमरी, प्रोसेसरची वाटणी आणि निरोपांची ने-आण एवढंच आत, डिस्क, नेटवर्क, फाइलसिस्टीम सगळं बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये. एखादा ड्रायव्हर मेला तरी कर्नल जगतो. टोरवाल्ड्सनं सगळं आत ठेवलं होतं, कारण त्यात वेग होता आणि एकट्यानं लिहायला ते सोपं होतं. प्रत्यक्षात लिनक्स जग जिंकून गेला. पण छोट्या कर्नलची कल्पनाही मेली नाही. २०१७ मध्ये जाहीर झालं की इंटेलच्या चिपमधल्या व्यवस्थापनाच्या छुप्या प्रोसेसरवर मिनिक्सच चालतं.

परमची गोष्ट इथे जुळते. परम ८००० मध्ये इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. या चिपमध्ये प्रोग्रॅम आलटून पालटून चालवण्याचं काम हार्डवेअरच करायचं, अगदी दोन प्राधान्यांसकट, आणि प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या होत्या. कर्नलचा एक भाग जणू सिलिकॉनमध्येच कोरलेला. पुढे नेहमीचे प्रोसेसर वापरून परम ९००० आला तेव्हा ही सोय गेली, आणि सी-डॅकनं पारस नावाचा मायक्रोकर्नल घडवला. गणित करणाऱ्या शेकडो प्रोसेसरांवर अख्खं युनिक्स चढवण्यात अर्थ नव्हता. त्यांना हवी होती मेमरीची वाटणी आणि एकमेकांना झपाट्यानं निरोप पाठवण्याची सोय. तिथे काम करणाऱ्या राजकुमार बुय्या यांनी १९९८ मध्ये पारसच्या रचनेवर पुस्तकही लिहिलं. आत काय ठेवायचं याचं उत्तर सगळ्यांसाठी एक नसतं; यंत्र कशासाठी आहे त्यावर ते ठरतं.

हौशी माणसानं पहिला कर्नल सगळं आत ठेवूनच लिहावा हे बरं. निरोपांची ने-आण नीट जमवणं हे स्वतःच मोठं काम आहे, आणि कर्नल व ते, ही दोन्ही कामं एकदम धरली की दोन्ही अर्धी राहतात.

सुरुवात कुठून?

प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक शाखांना सतत चालणारं इंटरनेट, महागडे सर्व्हर किंवा मोठा डेटा लागतो. कर्नलला यातलं काही लागत नाही. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, जीसीसी कंपायलर, असेंब्लीसाठी नॅझम, क्यूईएमयू आणि इंटेलच्या प्रोसेसरची हजारो पानांची मोफत हस्तपुस्तिका. हे सगळं एकदा परतवाड्याला जाऊन डाउनलोड करून आणलं, तर चिखलदऱ्याच्या धुक्यात नेटवर्क गेलं तरी महिनोन्महिने काम अडत नाही. सोबत वाचायला एक्सव्ही६ चा कोड. तात्त्विक बाजूसाठी आयआयटी मुंबईचे डी. एम. ढमढेरे यांची ऑपरेटिंग सिस्टीमवरची पुस्तकं आहेत. इंजिनिअरिंगच्या कित्येक पिढ्या ती वाचत आल्या.

क्रम असा ठेवावा: पडद्यावर अक्षर, अपवादांचे तक्ते, टायमर, कीबोर्ड, पानांचा हिशेब, दोन प्रोग्रॅमची अदलाबदल, मग तिसऱ्या पायरीवरचा पहिला प्रोग्रॅम आणि शेवटी डिस्क. अपवादांचे तक्ते लवकर बांधा. ते नसतील तर पुढची प्रत्येक चूक मुकी असते. ते असतील तर निदान कोणत्या पत्त्यावर काय बिघडलं ते छापून येतं.

आणि कर्नल झाला हे ओळखायचं कसं? गेम चालला, रंगीत खिडक्या उघडल्या, यावर जाऊ नका. चार पाजी प्रोग्रॅम लिहा. पहिला कर्नलच्या पानावर लिहायला जाईल. दुसरा कधीच न संपणारा लूप चालवील. तिसरा डिस्कशी थेट बोलायला बघेल. चौथा कर्नलला खोटा पत्ता देऊन तिथे वाचलेलं ठेवा म्हणेल. चौघांना एकाच वेळी सोडा. पहिला आणि तिसरा मारले गेले, चौथ्याची मागणी नाकारली गेली, दुसऱ्याला आपल्या वाट्याच्या दहा मिलिसेकंदांपलीकडे काही मिळालं नाही, आणि या गोंधळात तुम्ही दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटलं, तर कर्नल तयार आहे असं खुशाल म्हणा. मग पाचवा पाजी प्रोग्रॅम मित्राला लिहायला सांगा. तटाची कच्ची जागा बांधणाऱ्याला सहसा दिसत नाही.